घोयऱ्याचे बिनदाराचे घर

एका राज्यात एक आचार्य होते. त्यांचे नाव श्रीकंठ. चौदा विद्या त्यांना येत, चौसष्ट कलांची नावे मुखोद्गत. पण दाराला कडी घातली की नाही, एवढे विचारले तर ते उठून दार पाहून येत. ही गोष्ट त्यांनी पुढे अनेकांना सांगितली, आणि दर वेळी एकाच जागी येऊन ते अडखळले. त्या संध्याकाळी तो प्राणी पांढरा पडला होता, की नुसता फिकट झाला होता? “नीट आठवत नाही,” ते म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, एवढ्याशा रंगाने काय बिघडते? आचार्यांचे मात्र सगळे त्या रंगावरच अडले होते. का अडले होते, ते ऐका.

त्या राज्यावर वज्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राणीचे नाव हेमांगी. त्यांना मृगांका नावाची एकुलती एक मुलगी होती. अजून परकरात वावरणारी, आचार्यांकडे शिकणारी आणि आचार्यांनाच प्रश्न विचारून हैराण करणारी. एकदा भर दरबारात भस्मकेश नावाचा मांत्रिक खेळ दाखवायला आला. त्याच्याजवळ भोके पाडलेली एक पितळी पेटी होती. पेटीतून त्याने एक घोयरा बाहेर काढला. घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा: चिमट्यासारखे पाय, कापसाच्या गोंड्यासारखे गोल गोल डोळे, एक डोळा पुढे पाहतो तर दुसरा मागे. भस्मकेशाने त्याला सुई टोचली. तो काळा झाला. पुन्हा टोचली, अंगावर पिवळे पट्टे उमटले. दरबाराने टाळ्या वाजवल्या.

मृगांकेने विचारले, “याला दुखते का?”

“दुखते म्हणून तर रंग बदलतो, राजकन्ये.”

ती उठली, मांत्रिकाच्या हातातली सुई तिने काढून घेतली आणि खिडकीतून खाली विहिरीत टाकली. टाळ्या थांबल्या. भस्मकेश हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत.

“याची एवढी दया आली? मग याची दशा ती तुझी दशा. राजा, तीन गोष्टी कर. याला दार नसलेले घर दे. भांडे नसलेले पाणी दे. हात नसलेला घास दे. याच्या अंगावर याचा स्वतःचा रंग आला, भीतीचा नाही, रागाचा नाही, तर शाप फिटला. येत्या अमावास्येला दिवेलागणीस मी येईन. रंग आला नसेल, तर राजकन्या या पेटीत बसेल आणि मी गावोगाव तिचा खेळ करीन.”

एवढे बोलून तो धूर झाला आणि झरोक्यातून निघून गेला. घोयरा तेवढा गालिच्यावर राहिला. आणि मृगांकेचा चेहरा बघता बघता काजळी धरलेल्या समईसारखा काळवंडला.

राणी शहाणी होती, आणि आई होती. मुलीचा जीव ज्याच्यात अडकला त्याला तिने देवासारखे मानले. त्या राज्याची रीत अशी, की मोठ्यात मोठा पाहुणा आला की त्याला आरसेमहालात उतरवायचे, चांदीच्या वाटीत पाणी ठेवायचे आणि सोन्याच्या ताटात पंचपक्वान्न वाढायचे. राणीने घोयऱ्याला आरसेमहालात उतरवले. चंदनाची गुळगुळीत दांडी बसायला दिली. चांदीच्या वाटीत केवड्याचे पाणी, सोन्याच्या ताटलीत डाळिंबाचे दाणे आणि बासुंदी.

घोयऱ्याने जिकडे पाहिले तिकडे त्याला दुसरा घोयरा दिसला. तो फुगला, तोंड वासून फुसफुसला, काळा ठिक्कर पडला. आरशातले घोयरेही फुगले. त्या महालात त्याला शत्रूंवाचून कोणी दिसेना. इकडे मृगांका पांघरुणात थरथर कापू लागली, आणि म्हणू लागली, की खोलीत कोणीतरी आहे, सगळीकडे आहे. पाणी समोर धरले तर तिला ते दिसत नसे. घास तोंडाशी नेला तर तो राखेसारखा लागे.

राजाने सभा बोलावली. वैद्य आले, ज्योतिषी आले, खात्रीने बोलले, पण काम अंगावर घ्यायला कोणीच पुढे होईना. शेवटी मृगांकेने अंथरुणातून निरोप पाठवला: “हे काम आचार्यांना द्या. ते दोनदा पाहतात.”

आचार्यांनी राजाला सांगितले, की आपण या प्राण्याविषयी काहीच जाणत नाही, आणि जे जाणतो असे वाटते तेही बहुधा चुकीचे असेल. राजा म्हणाला, “इतर सगळे खात्रीने बोलले, आचार्य, आणि मुलगी कापतेच आहे. आता तुम्ही पाहा.”

मग आचार्य आरसेमहालात बसून पाहू लागले. घोयरा चंदनाच्या दांडीवर चालू बघत होता. एक पाय उचलायचा, पुढे न्यायचा, मागे आणायचा, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, सगळे अंग झुलायचे, आणि तरीही पाय टेकायचा नाही. आचार्यांना लाज वाटली, कारण उंबरठा ओलांडताना आपण असेच करतो असे त्यांना दरबारातल्या लोकांनी कितीदा हसून दाखवले होते. पण लाजेबरोबर मायाही आली. गुळगुळीत दांडीवर त्याची मूठ बसत नाही, हेही त्यांना तेव्हाच दिसले.

तरी घर कसले द्यायचे ते कळेना. दार नसलेले घर! त्यांनी वास्तुशास्त्राच्या पोथ्या काढल्या. गोठ्याचे माप होते, हत्तीखान्याचे होते, देवळाचे होते. सरड्याचे नव्हते. पोथ्यांचा भारा काखोटीला मारून ते अंगणातून जात होते, तोच सेनापती भीमरथ समोर आला. हा गडी मनाने चांगला, पण जिभेला हाड नसलेला.

“काय आचार्य, पुन्हा ग्रंथशाळेकडे? सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि आचार्यांची धाव पोथीपर्यंत.”

शिपाई हसले. आचार्यही कसनुसे हसले आणि चार पावले पुढे गेले. मग थांबले, मागे वळले.

“सेनापती, ती म्हण पुन्हा म्हणा.”

“रागावलात काय?”

“नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंतच का? पुढे का नाही जात?”

भीमरथाने डोके खाजवले. त्याने लढाया जिंकल्या होत्या, पण हा विचार केला नव्हता. आचार्यांनी पोथ्या तिथेच पायरीवर ठेवल्या आणि ते राजवाड्याच्या मागच्या बागेत गेले. तिथे जुने कुंपण होते. मेंदी आणि कोरांटी, त्यांवर चढलेली गुळवेल, वर आवळ्याच्या फांद्या टेकलेल्या. एका अंगाला ऊन, एका अंगाला सावली, मधून वारा वाहता. दार नव्हते, कारण कुंपणाला भिंतच नव्हती. सरडा कुंपणाच्या पुढे जात नाही, कारण त्याला पुढे जायचेच नसते. तो घरी पोचलेला असतो.

घोयऱ्याला कोणी हातात धरायचे नाही, असे आचार्यांनी सांगितले. एक वाळकी फांदी त्याच्यासमोर धरली आणि तो आपणहून चढेपर्यंत वाट पाहिली. तो वेळ एवढा गेला, की फांदी धरणाऱ्या माळ्याचा हात सुन्न झाला. कुंपणात जिथे मोकळी जागा होती तिथे करंगळीएवढ्या जाडीच्या खरबरीत काटक्या आडव्या-तिडव्या बांधल्या, म्हणजे त्याची मूठ बसेल आणि उन्हातून सावलीत जायला वाट राहील. राजवाड्यातली मांजरे नदीच्या पैलतीरावरच्या मठात पाठवली. पहारेकऱ्यांच्या ढालींत त्याला दुसरा घोयरा दिसू नये म्हणून ढालींना गोणपाट गुंडाळले. भीमरथाच्या ढालीवर सूर्य कोरलेला होता. त्यालाही गोणपाट बसले. “लढाईवर निघालो की बाजाराला?” एवढेच तो म्हणाला.

घोयऱ्याने काटकीवर मूठ आवळली. काळा रंग ओसरून तो मातकट झाला. त्याच दुपारी मृगांकेची थरथर थांबली. “ते सगळे गेले,” ती म्हणाली.

पण पाण्याचे काय? चांदीची वाटी कुंपणाजवळ ठेवली होती. घोयऱ्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. त्याचे गोंड्यासारखे डोळे खोल गेले. मृगांकेचे ओठ फुटले. वाटी बदलून मातीचा परळ ठेवला, केळीचा द्रोण ठेवला. काही नाही.

आवळ्याच्या शेंड्यावर एक वेडा राघू बसत असे. हिरवा, सडपातळ, शेपटीत एक काडी लांब, उडत्या माश्या टिपणारा. त्या राज्यातले पक्षी माणसाशी बोलत, पण विचारल्याशिवाय नाही. आचार्यांनी मान वर करून विचारले.

“राघोबा, हा पाणी का पीत नाही?”

“कसले पाणी?”

“हे काय, वाटीत.”

“मला ठाऊक आहे ते पाणी आहे. त्याला ठाऊक नाही,” राघू म्हणाला. “जे हलत नाही ते त्याला दिसत नाही. आणि मला वेडा म्हणतात.”

आचार्य विचार करीत देवळात गेले. विचार सुचला नाही की ते देवळात जाऊन बसत, आणि देवावर भार टाकावा की न टाकावा याचाच विचार करीत. समोर महादेवाची पिंडी होती. पिंडीवर गळती टांगलेली होती, म्हणजे तळाला बारीक भोक असलेले अभिषेकाचे तांब्याचे पात्र. थेंब पडत होता बेलाच्या पानावर, पान हलत होते, थेंब टोकाशी येऊन लोंबत होता, चमकत होता, पडत होता. आचार्य किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. मग ते गुरवाकडे गेले.

गुरव म्हणाला, “देवाची गळती सरड्यावर? हे कोणत्या शास्त्रात बसते?”

“बसत नसावे,” आचार्य म्हणाले. “मी राजाला विचारतो.”

राजाला विचारायची वेळ आली नाही. राणी मागेच उभी होती. ती गुरवाला म्हणाली, की महादेवाच्या गळ्यात साप चालतो, तर त्याच्या दारच्या सरड्याला चार थेंब त्याला जड होणार नाहीत; आणि देवासाठी ती सोन्याची गळती घडवून देईल. गुरवाने ही गळती स्वतःच्या हाताने काढून दिली.

कुंपणावर ती आवळ्याच्या फांदीला टांगली. थेंब गुळवेलीच्या पानावर पडला, घरंगळला, टोकाला थांबला. घोयऱ्याचा एक डोळा वळला. मग दुसरा. पाऊल पुढे, पाऊल मागे, पुढे. पानाशी तोंड लावून तो पीत राहिला, आणि पिताना डोळे मिटून घेत राहिला. भांडे नसलेले पाणी ते हेच. आचार्यांनी गुळवेलीचे एक पान खुडून राजवाड्यात नेले, मृगांकेच्या ओठांवर धरले आणि वरून थेंब सोडले. ती प्याली. प्याल्यावर म्हणाली, “आचार्य, तुम्ही रडता आहात की हेही थेंबच?”

“नक्की सांगता येत नाही,” आचार्य म्हणाले.

राहिला घास. हात नसलेला घास. येथे मोठे कठीण आले. घोयरा किडे खातो एवढे सगळ्यांनाच ठाऊक होते. पण राणीने त्या शापाच्या दिवशीच देवापुढे पाणी सोडले होते, की लेकीसाठी कोणताही जीव मारणार नाही, मारवणार नाही. भीमरथ शिपायांकरवी टोपलीभर नाकतोडे पकडायला तयार होता. राणी नाही म्हणाली. राजा तिला समजवायला गेला आणि न समजावता परत आला. अर्धा महिना सरला. घोयरा मातकटच राहिला. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या, आणि मृगांकेच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या.

आचार्य पुन्हा आवळ्याखाली जाऊन उभे राहिले. राघू आज पंख फुलवून बसला होता.

“राघोबा, तब्येत बरी नाही काय?”

“उपाशी आहे. तुमच्या सांजेच्या धुरीने माझेही उपास घडतात. निघालोच आहे मी दुसऱ्या राज्यात.”

त्या राजवाड्यात रोज सांजेला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी फिरवीत. बागेतले गवत नखाएवढेही वाढू देत नसत. फुले उमलायच्या आधी देवासाठी तोडली जात. मग माशी कशाला येईल, आणि फुलपाखरू कोणासाठी? आचार्य धावत निघाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी राजाचा उंबरठा न झुलता ओलांडला, आणि आत गेल्यावर आपण ओलांडला का, असे वाटून मागे वळून पाहिले.

त्या दिवसापासून मागल्या बागेची धुरी बंद झाली. गवताला हात लावायचा नाही, तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या नाहीत, झेंडू झाडावरच राहू द्यायचा. गवत वाढले, मंजिऱ्या फुलल्या, आणि माश्या आल्या, नाकतोडे आले, पतंग आले. डासही आले. दरबारात मंत्री बोलताना स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागले. भीमरथ एकाच सभेत दोन्ही गाल लाल करून बसला, पण तक्रार त्याने केली नाही.

एका सकाळी कोरांटीच्या फुलावर एक हिरवी माशी बसली. घोयऱ्याचे दोन्ही डोळे एकाच दिशेला वळले. त्याने जीभ फेकली. ती त्याच्या अंगाहून लांब होती, आणि परत आली तेव्हा फूल रिकामे होते. कोणी पकडले नव्हते, कोणी वाढले नव्हते, कोणी मारवले नव्हते. हात नसलेला घास. राणीने लांबून हात जोडले. माशीसाठी की घोयऱ्यासाठी, ते तिलाच ठाऊक. मृगांकेने त्या दिवशी मऊ भात खाल्ला आणि वर लोणचे मागितले.

घोयऱ्याच्या पाठीवर हिरवे ठिपके दिसू लागले. पण ठिपकेच. सगळे अंग हिरवे होईना. आणि अमावास्या उजाडली.

त्या दिवशी दिवेलागणीला सगळी मंडळी बागेत जमली. मृगांकेला पालखीतून आणले होते. उजेड कमी होत गेला तसा घोयरा काटकीच्या टोकाशी गेला, शेपटीची चकली केली आणि थांबला. भस्मकेश फाटकातून आला. एका हातात मशाल, एका हातात पेटी. त्याने मशाल कुंपणाकडे धरली, आणि लोकांच्या अंगावर काटा आला. घोयऱ्याच्या अंगावरचे हिरवे ठिपके गेले होते. काळा नाही, मातकट नाही. सगळा रंगच निघून गेला होता. डोळे मिटले होते. त्याच क्षणी पालखीत मृगांकेची मान कलली, आणि तिचा चेहरा तसाच बेरंग झाला.

राणीने मुलीच्या नाकाशी हात धरला. पण बागेतल्या वाऱ्यात श्वास आहे की नाही ते तिला कळेना.

भस्मकेश म्हणाला, “हा कोणता रंग, राजा? हा मरणाचा रंग. माझे मला दे.” आणि त्याने पेटी खाली ठेवून तिचे झाकण उघडले.

राजाने आचार्यांकडे पाहिले. आचार्य पुढे झाले. त्यांनी घोयऱ्याच्या पायांकडे पाहिले. मूठ काटकीवर घट्ट होती. त्यांनी मृगांकेच्या तळव्यात आपले बोट ठेवले. बोटांची मूठ वळली. पण मेल्यावरही अंग ताठते, असे त्यांनी वाचले होते. त्यांचे मन पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले.

“महाराज,” ते म्हणाले, “मला खात्री नाही. म्हणूनच म्हणतो, उजाडेपर्यंत थांबा.”

“करार दिवेलागणीचा आहे,” भस्मकेश म्हणाला.

“आहे. तुम्हाला एक विचारतो. हा तुमच्या पेटीत कधी झोपला होता काय?”

मांत्रिकाने पेटीकडे पाहिले.

“तो तुमच्याजवळ एकदाही झोपला नसेल, तर झोपेत त्याचा रंग कसा असतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी थांबावे.”

भीमरथाने तलवार काढली नाही. त्याने फक्त पेटीचे झाकण लावले, वर गोणपाटाची ढाल ठेवली आणि तिच्यावर तो बसला. राजा म्हणाला, “उजाडेपर्यंत.”

ती रात्र कशी गेली ते सांगण्यासारखे नाही. आचार्यांनी बोट काढून घेतले नाही, एवढेच.

उजाडले. उन्हाची पहिली तिरीप कुंपणावर आली. घोयऱ्याची उन्हाकडची कूस एकदम काळी झाली. पण तो ऊन पीत होता. अंग तापले तसा काळा रंग विरला, आणि त्याच्या जागी डोक्यापासून शेपटीपर्यंत हिरवा उतरला. पोपटी नाही, शेवाळी नाही. गुळवेलीच्या पानाचा, असा की पान कुठे संपते आणि तो कुठे सुरू होतो ते कळू नये. त्याने एक डोळा उघडून आचार्यांकडे पाहिले. दुसरा माशीकडे.

“आचार्य,” पालखीतून आवाज आला, “तुम्ही माझा हात का धरला आहे?”

“राजकन्ये, तू माझे बोट धरले आहेस.”

तिच्या गालांवर रंग होता. ती उठून बसली. भीमरथ उठला तसे पेटीचे झाकण निखळून पडले, आणि आत कोंडलेले सगळे रंग, पिवळे, काळे, तांबडे, धुरासारखे वर आले आणि आवळ्यावरून निघून गेले. भस्मकेशाची विद्या त्या पेटीतच होती. तो आता नुसता एक म्हातारा माणूस उरला, डास चावलेला. भीमरथ म्हणाला, की याला याच्याच पेटीत घालावे. मृगांका म्हणाली, “कोणालाच पेटीत घालायचे नाही.” मग त्याला राज्याच्या सीमेबाहेर नेऊन सोडले. पेटी राहिली. तिला भोके होतीच. राणीने माती भरून तिच्यात कोरांटी लावली.

राजाने आज्ञा काढली, की त्या बागेत धुरी नाही, आरसा नाही, आणि दिवेलागणीनंतर मशाल किंवा दिवा घेऊन कोणी जायचे नाही, झोपणाऱ्यांची झोप मोडू नये. ही शेवटची अट आचार्यांनीच घालायला लावली होती. आणि त्यामुळेच त्यांची पंचाईत झाली. दरबारी कवीने पोवाडा रचला, त्यात घोयरा ‘भस्मासारखा शुभ्र’ झाला असे घातले. आचार्यांना ते ऐकून झोप येईना. शुभ्र असेल, तर ते मरण होते. मुलगी त्या रात्री गेली होती आणि कुठल्या दैवाने परत आली, आणि आपण थांबा म्हणालो तो नुसता जुगार होता. फिकट असेल, तर ती फक्त झोपली होती. मशालीच्या पिवळ्या उजेडात पाहिलेले. कशाची खात्री धरणार? आणि पुन्हा जाऊन पाहावे, तर रात्री आपलाच नियम आड, आणि उजाडल्यावर घोयरा आधीच जागा.

वर्षे गेली. तो घोयरा म्हातारा होऊन, उन्हात बसल्या बसल्या गेला. रानातून दुसरे आले आणि कुंपणात राहिले. मृगांका गादीवर बसली. मग एकदा आचार्यांनी गणित मांडले, पुसले, पुन्हा मांडले आणि तिला सांगितले, की भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण लागेल. निदान असे वाटते.

ग्रहण लागले. दुपारीच सांज झाली, राघू थव्याने आवळ्यावर बसले, आणि कुंपणातले घोयरे काटक्यांच्या टोकांशी जाऊन शेपटीची चकली करून झोपले. आचार्य मृगांकेच्या खांद्यावर हात ठेवून कुंपणापाशी उभे होते. दिवा नव्हता, मशाल नव्हती. मग सूर्याची पहिली कोर सुटली, आणि त्या स्वच्छ उजेडात, घोयरे जागे होण्याआधीच्या घटकाभरात, आचार्यांनी वाकून पाहिले. सरळ झाले. पुन्हा वाकून पाहिले.

रंग पांढरा नव्हता. केळीच्या गाभ्यासारखा होता, किंचित पिवळा.